खालचं कुरण

कार्डिफ, १२ नोव्हेंबर २००६

प्रिय उल्का,

वर नुसतं नाव लिहिलंय. आशीर्वाद लिहायचा हक्क माझ्याकडे उरलाय का, ते तू सांगेपर्यंत थांबतो.

"भाऊजी, तुम्ही माझ्या बहिणीला चिखलात टाकलंत," असं म्हणून तू फोन ठेवलास, त्याला आता दोन महिने होतील. मधे कितीदा तरी फोन लावला. दर वेळी अतुलराव उचलतात आणि तू अंघोळीला गेली आहेस म्हणतात. नागपुरातला असला तरी माणूस इतक्या अंघोळी करत नाही. म्हणून हे पत्र. आलेलं पत्र न वाचता फाडणारी तू नाहीस.

तुला व्हिसा वेळेत मिळाला नाही, त्यामुळे तू काहीच पाहिलं नाहीस. आली असतीस तर जे दाखवलं असतं, ते लिहितो.

कार्डिफपासून गाडीनं पाऊण तासावर नदीचं एक मोठं वळण आहे. वळणाच्या आतल्या अंगाला मिसेस प्रोथेरोंचं कुरण. त्यांचं घर आणि बाकीची शेतं वर टेकाडावर, हे कुरण तेवढं खाली. वीणाच्या नोकरीची निम्मी वर्षं या कुरणात गेली. युनिव्हर्सिटीतल्या बाकीच्यांना जिथं गव्हासाठी चांगली जमीन असेल तिथं जायला आवडायचं. हिला जिथं पाणी मुरतच नाही अशी जमीन हवी असायची. गमबूट घालून, लांब लोखंडी गिरमिट जमिनीत फिरवत उतरवायची आणि निघालेली माती प्लास्टिकवर ओळीनं मांडायची, डोक्यापासून पायापर्यंत माणूस मांडावा तशी. मिसेस प्रोथेरो चहा घेऊन यायच्या. अशी त्यांची मैत्री.

त्यांचे यजमान गेले तेव्हा बाईंनी कौन्सिलची परवानगी काढून कुरणाच्या एका कोपऱ्यात त्यांना पुरलं. दगड नाही, नाव नाही, फक्त एक रोप. पुढे गावातली आणखी दोन माणसं तिथं आली. चौथी आपली वीणा.

हॉस्पिटलात तिनं मला सांगितलं. परीक्षित गाडी पार्क करायला खाली गेला होता. तिनं तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि म्हणाली, "मला जाळायचं नाही. प्रोथेरोबाईंच्या कुरणात ठेवायचं." मी म्हटलं, "अगं, तिथं हिवाळ्यात पाणी येतं." म्हणाली, "येईल. येऊ दे. पाण्याला मी भीत नाही."

एवढंच. ऐकणारा मी एकटा. परीक्षितनं नंतर विचारलं, "बाबा, मॉर्फिनवर होती ना ती?" मी नाही म्हटलं. त्यानं खांदा दिला, पण त्याच संध्याकाळी बायकोला, ऋजुताला घेऊन ब्रॅकनेलला परत गेला. आता माझ्या मेसेजला त्याचं 'फाइन' येतं. आईला अग्नी द्यायचा एकुलत्या एका मुलाचा हक्क मी काढून घेतला, असं त्याला वाटतं. तुलाही तेच वाटतं.

का, असं विचारशील. ते तिनं मला लग्नानंतर लगेच सांगितलं होतं, आणि दुसऱ्या कुणाला न सांगण्याचं वचन घेतलं होतं. म्हणून तेवढं सोडून बाकी सगळं लिहीन.

वेताच्या पेटीत ठेवलं तिला. तू मागे पाठवलेली पांढरी सुती साडी नेसवली. तिथं नायलॉन चालत नाही. ऊन होतं. खड्डा कोरडा होता, उल्का. चिखल नव्हता.

खड्ड्याची भिंत मात्र मी पाहिली. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

पुरुषोत्तम


कार्डिफ, २१ जानेवारी २००७

प्रिय उल्का,

उत्तर आलं नाही. तरी लिहितो, कारण इथं ज्याच्याशी बोलावं असं माणूस उरलेलं नाही.

भिंतीबद्दल सांगतो. वरती हातभर काळपट तपकिरी माती, गवताच्या मुळांनी विणलेली. त्याखाली राखाडी, आणि त्या राखाडीत गंजाचे ठिपके. अजून खाली निळसर, पुट्टीसारखी. वीणा मला नेहमी म्हणायची, उन्हाळ्यात खड्डा कोरडा दिसला तर फसू नका, ठिपके वाचा. जिथं हवा पोचते तिथं मातीतलं लोखंड गंजतं. जिथं पाणी साचून हवा कोंडते तिथं लोखंड विरघळून निघून जातं आणि माती राखाडी पडते. ठिपके जेवढ्या उंचीवर, तेवढं पाणी दर हिवाळ्यात चढलेलं असतं.

ठिपके खड्ड्याच्या तळापासून माझ्या गुडघ्याच्याही वर होते. पेटी त्यांच्या खूप खाली गेली.

मी दर रविवारी जातो. डिसेंबरात बुटाच्या ठशात पाणी उभं राहू लागलं. आता पाऊल ठेवलं की जमीन दबते, आणि खालून बुडबुडे येतात. चरातल्या पाण्यावर तेलासारखा तवंग असतो. काडीनं ढोसला तर त्याचे तुकडे होतात, काचेसारखे. खरं तेल असतं तर परत मिळून आलं असतं. हेही तिनंच सांगितलेलं. गेल्या आठवड्यात कडाक्याची थंडी पडली, तेव्हा तिच्या जागेवरची माती बर्फाच्या सुयांनी बोटभर वर उचलली होती. मी वाकून हात ठेवला. खाली दाबली. का दाबली, माहीत नाही.

मी जन्मभर पॅथॉलॉजी केली. हवा नाही, थंडी आहे, गांडूळ नाही, किडा नाही, अशा ठिकाणी शरीराचं काय होतं ते मला पुस्तक न उघडता सांगता येतं. तुला नाही सांगणार. एवढंच, की जे व्हायला हवं ते होत नाही.

घरात वास येतो. कुजक्या अंड्यासारखा, हलका, जिन्याच्या पायथ्याशी. प्लंबरला बोलावलं. त्यानं सगळे पाइप पाहिले, पैसेसुद्धा घ्यायला तयार नव्हता. म्हणाला, "मला तर काहीच वास येत नाही, डॉक्टर." तो असेपर्यंत मलाही येत नव्हता.

सकाळी चहा करताना मागून "अहो" ऐकू येतं. नुसतं "अहो". मी वळतो. मग पुढचं काही नाही. दुःखात असं होतं, हे मी गेलेल्यांच्या नातेवाइकांना समजावून सांगत आलो. तरी मी वळतो. पलंगावर तिच्या बाजूची चादर हाताला ओलसर लागते. हीटिंग वाढवून पाहिलं.

वेडा झालोय असं समजू नकोस. किंवा समज, पण एक ओळ लिही.

पुरुषोत्तम


कार्डिफ, ३० जुलै २००७

उल्का,

इथल्या पुराच्या बातम्या तुमच्या टीव्हीवर दिसल्या असतील.

रस्ता बंद होता. वरच्या बाजूनं, मिसेस प्रोथेरोंच्या अंगणातून उतरलो. खाली कुरण नव्हतंच. तपकिरी पाणी, संथ, आणि मधे कुंपणाच्या झुडपांचे शेंडे. तिच्यासाठी लावलेलं ऑल्डरचं रोप कुठं असेल ते मी अंदाजानं शोधत होतो. बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांचाही माणूस त्याच पाण्याखाली. म्हणाल्या, "ती मला म्हणाली होती, डॉक, नदी आपली जागा परत मागते." मग म्हणाल्या, "पण उन्हाळ्यात मागेल असं मला नव्हतं वाटलं."

पाणी ओसरल्यावर चारही जागा खचलेल्या दिसल्या. तिची सगळ्यात जास्त, कारण माती सगळ्यात नवी. खळग्यात पाणी. बाईंनी त्यावर फळी टाकली, मेंढ्यांचा पाय जाऊ नये म्हणून.

कौन्सिलच्या बाई आल्या. चांगल्या होत्या, हळू बोलत होत्या. म्हणाल्या, नदीच्या इतक्या जवळ, पाणी इतकं वर, आता इथं कुणाला ठेवता येणार नाही. चारही पेट्या हलवाव्या लागतील, लायसन्स काढू, नातेवाइकांची सही लागेल. मिसेस प्रोथेरोंनी सही केली. गावातल्या दोघांनीही केली.

मी नाही केली.

परवा परीक्षितचा फोन आला. फ्युनरलनंतर पहिल्यांदा त्याचा आवाज ऐकला. "बाबा, साइन करा. आईला तिथून काढू. मग आपण प्रॉपर करू." प्रॉपर म्हणजे काय ते दोघांनाही कळलं होतं. मी विचार करतो म्हटलं.

विचार काय करायचा? तुला खरं सांगतो, तू उत्तर देत नाहीस म्हणूनच सांगता येतंय. मी जेव्हा तिथं उभा राहतो, तेव्हा माझ्या पायाखाली वीणा आहे. आठवण नाही, आत्मा नाही, वीणा. कपाळ, हात, डाव्या भुवईवरचा वण. त्या मातीनं तिला तशीच ठेवलीय, हे मला माहीत आहे. दुसऱ्या कुठल्या नवऱ्याला हे भाग्य मिळतं? आणि हे भाग्य असेल तर मला झोप का लागत नाही?

पुरुषोत्तम


कार्डिफ, ७ ऑक्टोबर २००७

प्रिय उल्का,

हे पत्र उभ्यानं वाचू नकोस. अतुलरावांना हाक मार, त्यांना जवळ बसव.

मागच्या शनिवारी परीक्षित आला. मला म्हणाला, "मला बघायचंय आई कुठे आहे." फ्युनरलनंतर तो तिथं पहिल्यांदा येत होता. गॅरेजमधलं वीणाचं गिरमिट त्यानं आपणहून गाडीत टाकलं. का, ते मी विचारलं नाही.

कुरणात तिच्यापासून थोडं दूर जाऊन त्यानं ते जमिनीत घातलं. तंत्र येत नव्हतं. मिसेस प्रोथेरोंनी वरून ओरडून सांगितलं, "ढकलू नको, फिरव!" मग उतरलं. निघालेली माती तो आईसारखीच ओळीनं मांडत गेला. लहानपणी शनिवारी तिच्याबरोबर यायचा, ते हाताला आठवत असावं. तपकिरी, राखाडी, मग निळी. निळ्या मातीचा गोळा त्यानं हातात फोडला. आत एक पान होतं. शिरांसकट, काठांसकट.

"बाबा, हे पान किती जुना आहे?"

"सांगता येत नाही. तुझ्या जन्माच्या आधीचंही असेल."

तो बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. हुशार मुलगा आहे, वीणाचा मुलगा.

"म्हणजे आई..."

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि तुम्हाला हे पाहिजे? म्हणून साइन नाही करत?"

तो उभा राहिला. हात निळ्या मातीनं भरलेले, आणि हवा लागून ती बोटांच्या पेरांवर तांबूस होत चालली होती. म्हणाला, "शी इज नॉट अ सॅम्पल, बाबा. तुम्ही तिला ठेवून घेतलंय. तिला जाऊ द्या ना." आणि मग रडत, ओरडत, "मी अग्नी देणार. एवढं तरी मला करू द्या. यू ओ मी दॅट."

उल्का, त्या क्षणी मला दिसलं की आता मी गप्प राहिलो तर तो तिला आगीतच देईल, आणि ते तिला दिलेलं वचन मी पाळल्यामुळे झालेलं असेल. म्हणून मी त्याला सांगितलं. आणि त्याला सांगितल्यावर तुझ्यापासून लपवणं शक्य नाही.

तुमची आई विषमज्वरानं गेली नाही. स्टोव्ह भडकला. तू रांगत होतीस, त्या दिवशी आत्याकडे होतीस. वीणा स्वयंपाकघराच्या दारात पाटीवर मुळाक्षरं गिरवत बसली होती. तिनं सगळं पाहिलं. तुमच्या वडिलांनी, मुरलीधररावांनी, गोधडी टाकली, पण तोवर उशीर झाला होता. दोन दिवस आई घरात होती, आणि वीणाला तिच्या खोलीत जाऊ देत नव्हते, पण आवाज ऐकू येत होता. मग अंगणातून तिला नेलं. वीणानं शेजारणीला विचारलं, आईला कुठं नेतात? शेजारीण म्हणाली, घाटावर, जाळायला.

परत जाळायला. त्या मुलीच्या मनात ते तसंच बसलं, की आईला दोनदा जाळलं.

तुला कधीच कळू नये, असं मुरलीधररावांनी तिच्याकडून वदवून घेतलं, आणि तिनं माझ्याकडून. इथं घर घेतलं तेव्हा तिनं सगळ्यात आधी गॅसची लाइन बंद करवली. परीक्षितच्या वाढदिवसाला केकवर मेणबत्ती नसायची. त्याला वाटायचं, हे आपल्यात नसतं. दिवाळीला बल्बच्या माळा. मित्रांकडे बार्बेक्यू असला की हिला कधी फील्डवर्क असायचं, कधी डोकं दुखायचं. आणि जन्मभर अशा जमिनीत काम, जिथं काडी पेटवली तर पेट घ्यायला कोरडं काही नसतं. ती असं कधी बोलली नाही. मीच आता जोडतोय.

परीक्षित खाली ओल्या गवतात बसला. पँट भिजली. मग म्हणाला, "मावशीला माहीत आहे?"

"नाही."

"तिची पण आई होती. टेल हर. मग मावशी ठरवेल."

हलवण्याच्या कागदावर मी सही केली. परीक्षितचं म्हणणं खरं होतं. मी तिला ठेवून घेतलं होतं. पण हलवून कुठं न्यायचं, ते आम्ही दोघांनी तुझ्यावर सोडलंय. मिसेस प्रोथेरोंनी टेकाडावरच्या शेताचा एक तुकडा देऊ केलाय. तुला अग्नीच योग्य वाटत असेल तर तसं होईल, परीक्षित देईल, आणि मी तिथं उभा राहीन. तू तिची धाकटी बहीण. तुझ्यावर रागावण्याचा हक्क कुणालाही नाही, तिलाही नाही.

वचन मोडलं. तिच्यापुढं मी बघेन काय सांगायचं ते.

पुरुषोत्तम


कार्डिफ, २ डिसेंबर २००७

प्रिय उल्का, अनेक आशीर्वाद.

आज लिहायचं धाडस करतो.

तुझा फोन आला तेव्हा आधी नुसता श्वास ऐकू येत होता. मग तू म्हणालीस, "भाऊजी, ताईला जाळू नका." आणि पुढं बोलता आलं नाही तेव्हा फोन अतुलरावांकडे दिलास. ते म्हणाले, "चार दिवस ती जेवली नाही, पण आज जेवली." एवढं ऐकून मी परीक्षितला कळवलं. तो म्हणाला, "ओके. वरचं शेत."

तुला सगळं हवं असेल, म्हणून सांगतो.

सकाळी उजाडताच काम सुरू झालं. भोवती हिरवे पडदे लावले होते. कौन्सिलच्या बाई होत्या, दोन माणसं होती, आणि पाणी उपसायचा पंप. ऋजुता मिसेस प्रोथेरोंबरोबर वर घरात थांबली. मी पडद्याच्या आत जायला निघालो तर परीक्षितनं दंड धरला.

"बाबा, तुम्ही नका बघू."

"अरे, माझं आयुष्य हे बघण्यातच गेलं."

"म्हणूनच," तो म्हणाला.

मी बाहेर थांबलो. पंपाचा आवाज, फावड्याचा आवाज. ती माती फावडं सोडत नाही. प्रत्येक खेपेला चोखल्यासारखा आवाज येतो. मग सगळं थांबलं. वेताची पेटी तळाशी धरत नव्हती, म्हणून दुसऱ्या लाकडी पेटीत घ्यावं लागणार होतं. ती दोन माणसं होतीच, पण परीक्षितनं हातमोजे मागून घेतले, हे मला पडद्याच्या फटीतून दिसलं. फट मी बुजवली.

तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा होता, पण शांत. हातमोजे काढत होता, ते निघत नव्हते. मी ओढून काढले, तो लहान असताना काढायचो तसे.

"कशी होती?" मी विचारलं. विचारायचं नाही असं ठरवलं होतं.

"आई झोपला होता, बाबा."

वीणा असती तर तिथल्या तिथं सुधारलं असतं: झोपला नाही रे, झोपली होती. मी नाही सुधारलं. त्याला कवेत घेतलं. एवढा उंच मुलगा, माझ्या खांद्यावर वाकून. वास येत होता, तोच, जिन्याखालचा. पण आता तो त्याच्या कपड्यांना होता आणि दोघांनाही येत होता.

वरच्या शेतात खड्डा आदल्या दिवशीच खणून ठेवला होता. परीक्षितनं त्यात बादलीभर पाणी ओतलं, आईनं ओतलं असतं तसं. आम्ही काठावर उभे राहिलो. मिसेस प्रोथेरोंच्या कुत्र्यानंही वाकून पाहिलं. थोड्या वेळात पाणी मुरून गेलं. भिंतीवर एकही ठिपका नाही. वरपासून खालपर्यंत तपकिरी, भुसभुशीत, मुळं खोल गेलेली. फावड्यानं कापलेलं एक गांडूळ भिंतीतून बाहेर लोंबत होतं. परीक्षित म्हणाला, "गुड सॉइल." मी हो म्हटलं. चांगली माती म्हणजे काय करणारी माती, ते मला माहीत आहे.

पेटी उतरवली. परीक्षितनं माती टाकली, ऋजुतानं टाकली, मी टाकली, मग तुझ्या नावानं परीक्षितनं पुन्हा एक मूठ टाकली. मंत्र कुणाला येत नव्हते. मिसेस प्रोथेरो वेल्शमधे काहीतरी म्हणाल्या. अर्थ विचारला नाही. छान वाटलं.

रात्रीचं जेवण चौघांनी बाईंच्या स्वयंपाकघरात घेतलं. परीक्षित आता दर आठवड्याला फोन करतो. परवा त्यानं मला विचारलं, आजीचं नाव काय होतं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

घरातला वास गेला. चादर कोरडी असते. सकाळी चहा करताना मी मुद्दाम पाठ करून उभा राहतो, आधण उकळून आटेपर्यंत. मागून कुणी "अहो" म्हणत नाही. लोक म्हणतील, बरं झालं, सुटलास. झोप लागते, हे खरं आहे. पण जाग आली की घर रिकामं असतं, आणि रिकामं म्हणजे काय ते मला गेल्या वर्षभरात कळलंच नव्हतं.

ऋजुतानं तुझ्या व्हिसाचे कागद पाठवलेत. मेमधे येऊ म्हणतेस. मेमधे इथलं हवामान चांगलं असतं, खरं आहे. पण वर हवा खेळते, उल्का, पाणी झरून जातं, जमीन आपलं काम करते. मी डॉक्टर आहे, किती दिवसांत काय होतं ते मला मोजता येतं, आणि मी मोजायचं नाही असं ठरवलंय.

थंडीची तयारी करून ये, पण मेपर्यंत थांबू नकोस. लवकर ये.

तुझा,
भाऊजी